जुन्या ट्रॅव्हलरचे हेडलाइट: एलईडी टाकू की वायरिंग पाहू? आणि फोकस घरी सेट होते का?

बंडीवाला३१

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००७ ची टेम्पो ट्रॅव्हलर आहे, ३३५० मिमी व्हीलबेसवाली (पुढच्या अन् मागच्या चाकांमधलं अंतर). आतल्या सीटा काढून पलंग, ओटा, पाण्याची टाकी, छोटा फ्रिज असं सगळं बसवून घेतलं, आरसीवर नोंदही करून झाली, घरचे तिला बंडीच म्हणतात. इंजिन झकास आहे. तक्रार फक्त हेडलाइटची. नागपूर शहरात वर्धा रोडला, अमरावती रोडला खांबावरच्या दिव्यात काही जाणवत नाही, पण जबलपूर हायवेला मनसर सोडून देवलापारकडे निघालं ना की दोन्हीकडे जंगल अन् मिट्ट काळोख, डिप्परवर, म्हणजे खालच्या बीमवर, पुढचं काहीच दिसत नाही, कंदील टांगून चाललोय असं वाटते. अन् गंमत म्हणजे समोरून येणारे मलाच अप्पर, म्हणजे वरचा बीम, मारतात! मला दिसत नाही अन् त्यांच्या डोळ्यात जाते, हे काय गौडबंगाल आहे राजेहो?

बल्ब एच४, साधे ६०/५५ (अप्परला ६०, डिप्परला ५५ वॅट), मागच्याच वर्षी बदललेत. काच खरी काच आहे, प्लास्टिक नाही, त्यामुळे पिवळी पडलेली नाही, पण डाव्या हेडलाइटच्या आतली चांदी खालच्या अंगाला काळपट दिसते. एका दुकानदाराने एलईडी टाका म्हणाला, रात्रीचा दिवस होते म्हणे. दुसऱ्याने १००/९० चे बल्ब काढून समोर ठेवले. आमचे भाऊजी म्हणतात प्रोजेक्टर, म्हणजे लेन्सवाला हेडलाइटच बसव. दिवाळीनंतर परतवाड्यावरून चिखलदऱ्याला जायचा बेत आहे, घाटात हा असला लाइट घेऊन चढायची हिंमत होऊन नाही राहिली. नेमकं काय करू? आणि फोकस घरच्या घरी सेट करता येते का, की मशीनच लागते?

पोट्टा_धरमपेठ

भाऊ डोळे झाकून एलईडी टाका. मी माझ्या ओम्नीत टाकलेत, सहा हजार केल्विनवाले (हा उजेडाच्या रंगाचा आकडा), पांढराशुभ्र उजेड, जुने बल्ब आठवले की हसू येते. प्लग काढा, प्लग लावा, दहा मिनिटांचं काम. बॅटरीवर लोडही कमी. लोक उगाच घाबरवतात.

खटपट्या_नरेंद्रनगर

बंडीवाले भाऊ, काहीही विकत घेण्याआधी एक मल्टिमीटर घ्या, दोन-तीनशेत साधा मिळते, अन् एवढं मोजून इथे टाका. इंजिन चालू ठेवा, डिप्पर लावा. बॅटरीच्या दोन टोकांवर किती व्होल्ट येते ते लिहा. मग बल्बचा कपलर, म्हणजे मागचा प्लग, न काढता, तो लागलेला असतानाच, मागून पिन घालून बल्बच्या दोन टोकांवर किती येते ते लिहा. कपलर काढून मोजाल तर पूर्ण व्होल्टेज दिसेल अन् सगळं ठीक आहे असं वाटेल, कारण करंट वाहतच नसते, आणि ड्रॉप, म्हणजे वाटेत खाल्लं गेलेलं व्होल्टेज, फक्त करंट वाहताना दिसते.

हे काहून सांगून राहिलो? जुन्या गाड्यांत हेडलाइटचा पूर्ण करंट बॅटरीपासून इग्निशन स्विच, तिथून लाइटचा स्विच, तिथून डिप्परचा दांडा, मग फ्यूज, मग दोन्हीकडचे बल्ब असा फिरून येते. दोन बल्ब मिळून दहा एक अँपिअर. अठरा वर्षं जुनी बारीक तार, काळे पडलेले कॉन्टॅक्ट, गंजलेली अर्थिंग, प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं व्होल्टेज खाल्लं जाते. आणि हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, तो साधारण ३.४ च्या घाताने पडते. म्हणजे बल्बवर व्होल्टेज १० टक्के कमी आलं तर उजेड ३० टक्के गेला समजा. त्यामुळे नवा बल्ब टाकूनही फरक पडत नाही, बल्ब बिचारा उपाशीच असते.

१००/९० चा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. जी तार ५५ वॅट नीट पोहोचवू शकत नाही तिच्यावर ९० टाकणार? कपलर वितळते, स्विच जळते, वरून चांदी भाजून निघते ती वेगळी.

लाइटवाले_काका

धरमपेठच्या बाळा, तुला उजेड दिसला हे खरं, पण तो कुठं पडला ते गाडीतून उतरून समोर उभं राहून पाहिलंस का कधी? सांगतो, नीट ऐक.

एच४ च्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. डिप्परच्या फिलामेंटखाली एक छोटीशी पत्र्याची वाटी असते. ती वाटी खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते, म्हणून डिप्परला रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जाते, अन् तिथून उजेड खाली रस्त्यावर पडते. त्या वाटीच्या कडेमुळेच भिंतीवर ती स्वच्छ रेघ दिसते, खाली उजेड वर अंधार. रिफ्लेक्टर आणि काचेवरच्या नक्षीचा सगळा हिशोब त्या तारेच्या नेमक्या जागेवर अन् जाडीवर बसवलेला असते, मिलिमीटरच्या आत. एलईडीमध्ये तार नाही, पट्टीच्या दोन्ही बाजूला चिप असतात, मधे पट्टीची जाडी. उजेड निघते भरपूर पण निघायची जागा चुकते, म्हणून तो वर फेकला जाते, समोरच्याच्या डोळ्यात. तुला गाडीच्या पुढचे दहा-पंधरा मीटर लख्ख दिसतात म्हणून वाटते वा काय लाइट आहे. साठ मीटरवर काय आहे ते विचार.

शिवाय पांढरा-निळा उजेड पावसात अन् धुक्यात परत तुझ्याच डोळ्यावर येते. हॅलोजन साधारण ३२०० केल्विन, पिवळसर, ओल्या डांबरावर तोच बरा दिसते.

एलईडी म्हणजे वाईट असं नाही. नव्या गाड्यांत कंपनीचा जो एलईडी हेडलाइट येते त्याचा रिफ्लेक्टर नाहीतर लेन्स एलईडीसाठीच बनवलेली असते. हॅलोजनच्या भांड्यात एलईडी कोंबणं ही वेगळी गोष्ट आहे.

पोट्टा_धरमपेठ

काका पण सगळेच तर लावून राहिले, कोणाला चालान झालेलं पाहिलं नाही मी अजून.

बुटीबोरी_ट्रान्सपोर्ट

मी पाहिलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मनाई आहे, अन् २०१९ च्या दुरुस्तीत १८२ए आलं, त्यात मालकाने असा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. केंद्रीय मोटार वाहन नियम १०६ तर डोळे दिपण्याबद्दलच आहे, डिप्परचा बीम खाली वळलेला पाहिजे, ८ मीटरवर उभ्या माणसाच्या दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यात गेला नाही पाहिजे. पोलीस सोडून देतीलही, पण भाऊंची गाडी पंधरा वर्षांच्या वरची आहे, रजिस्ट्रेशन रिन्यू करायला गाडी आरटीओत उभी करावीच लागणार, तिथे बीम तपासला की अडकते. आम्ही पासिंगच्या, म्हणजे आरटीओ तपासणीच्या, आधी फोकस सेट करूनच गाडी पाठवतो. एका ड्रायव्हरने मला न विचारता एलईडी टाकले होते, पासिंगच्या सकाळी जुने बल्ब शोधायला मोर भवनपर्यंत पळत गेला.

अन् कायद्याचं सोडा हो. सावनेर रोडला संध्याकाळी कापसाच्या ट्रॉल्या चालतात, मागे रिफ्लेक्टर नाही, लाल लाइट नाही. समोरून कोणी असला पांढरा लाइट घेऊन आला की त्याच्या शेजारून जाणारी ट्रॉली दिसतच नाही. दुसऱ्याचे डोळे दिपवले की तो आपल्याच अंगावर येते, एवढं तरी लक्षात घ्या.

बंडीवाला३१

मोजलं. खटपट्या भाऊ, तुमचा अंदाज बरोबर निघाला.

इंजिन चालू, डिप्पर चालू: बॅटरीवर १३.९. उजव्या बल्बवर १२.३, डाव्या बल्बवर ११.८. मग तुम्ही सांगितलं नव्हतं तरी अजून एक केलं, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला अन् दुसरी डाव्या बल्बच्या अर्थला लावून पाहिली तर तिथेच ०.६ दाखवून राहिलं. म्हणजे बाकी दीड व्होल्ट पॉझिटिव्हकडे जाऊन राहिले का?

खटपट्या_नरेंद्रनगर

शाबास, हेच पुढे विचारणार होतो. हो, ०.६ अर्थिंगमध्ये, १.५ पॉझिटिव्हच्या वाटेत. १३.९ चे ११.८ म्हणजे १५ टक्के गेले. ३.४ च्या घाताने हिशोब केला तर डावा बल्ब ५७ टक्के उजेड देऊन राहिला, वरून त्या बाजूची चांदी गेलेली. तुम्ही एकाच हेडलाइटवर गाडी चालवून राहिले असं समजा. नीट वायरिंगला पॉझिटिव्ह अन् अर्थिंग मिळून अर्ध्या व्होल्टच्या वर ड्रॉप नको.

उपाय: रिले, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. चार पिनचे दोन रिले घ्या, १२ व्होल्ट, ३० किंवा ४० अँपिअरचे, एक डिप्परला एक अप्परला. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून २.५ स्क्वेअर एमएमची तार काढायची, बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज, मग रिलेची ३० नंबरची पिन. ८७ नंबरवरून बल्बांकडे. ८५ आणि ८६ ही कॉइल, तिला फक्त इशारा द्यायचा, तो इशारा तुमच्या जुन्याच कपलरमधून घ्या. म्हणजे जुनी तार कापायची नाही, एका बाजूचा जुना कपलर रिलेला, दुसऱ्या बाजूचा टेप मारून बांधून ठेवा. आता डिप्परच्या दांड्यातून दहा अँपिअरऐवजी नखभर करंट जाईल, स्विचचंही आयुष्य वाढेल. उद्या काही बिघडलं तर कपलर परत बल्बला लावा, गाडी घरी येते.

तीन गोष्टी वायरिंगवाल्याकडून करून घ्याच, ते टाळाटाळ करतात. डावा अन् उजवा बल्ब वेगळ्या फ्यूजवर, १५ अँपिअरच्या, नाहीतर घाटात एक फ्यूज उडाला की दोन्ही डोळे बंद. अर्थिंगची तारही तेवढीच जाड, रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर बोल्टने, आणि चेसिसवरून बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी मोठी पट्टी काढून साफ करून परत कसायची. अन् बल्बचे होल्डर सिरॅमिकचे घ्या, प्लास्टिकचे भाजतात. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट (तार घासू नये म्हणून रबराचं कडं) पाहिजे म्हणजे पाहिजेच.

अन् हो, तुमच्या गाडीत पलंग-फ्रिज आहे म्हणजे दुसरी बॅटरी असणार. हेडलाइट तिच्यावर नका टाकू, कितीही जवळ असली तरी. गाडीच्या बॅटरीवरच.

ज्यांच्याकडे मारुती, टोयोटा वगैरे आहे त्यांनी हे जसंच्या तसं करू नका, काही जपानी गाड्यांत स्विच पॉझिटिव्ह नाही तर निगेटिव्ह तोडते, तिथे रिलेची कॉइल उलटी जोडावी लागते. आधी मीटर लावून पाहा.

लाइटवाले_काका

डाव्या हेडलाइटची चांदी गेली आहे तर ती घासून येणार नाही. पॉलिश, टूथपेस्ट काही लावू नका, तो अॅल्युमिनियमचा एवढा पातळ थर असते की फडक्याने जोर दिला तरी निघते. पूर्ण युनिट बदला, अन् दोन्ही बदला, एकच नवं टाकलं तर दोन्हीकडचा उजेड जुळणार नाही.

युनिट घेताना एक गोष्ट पाहा. आपण डावीकडून चालवतो, म्हणून डिप्परची रेघ डाव्या बाजूला वर चढलेली असते, रस्त्याच्या कडेचा दगड, गुरंढोरं, चालणारा माणूस दिसावा म्हणून. उजवीकडे सपाट, कारण तिकडून समोरचा येतो. बाहेरच्या देशातले उजवीकडून चालणाऱ्यांचे युनिट स्वस्तात बाजारात येतात, त्यात ही चढ उजवीकडे असते, म्हणजे सगळा उजेड समोरच्याच्या तोंडावर. काचेवर गोलात ई असलेला शिक्का असेल तर त्याच्याजवळ बाण शोधा. समोर उभं राहून पाहिलं की बाण आपल्या उजव्या हाताकडे पाहिजे, तो डाव्या बाजूच्या वाहतुकीचा. दोन्हीकडे टोक असलेला बाण म्हणजे दोन्हीकडे चालते, तिथे आतली सेटिंग कोणती आहे ते पाहून घ्यायचं. बाणच नसेल तर तो आपल्या रस्त्याचा नाही. भारतातला नेहमीचा माल घेतला तर एवढा शोध करायची वेळ येत नाही, पण ऑनलाइन घेऊन राहिले तर पाहाच.

नवा बल्ब लावताना काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा त्या गरम काचेवर भाजतो अन् तिथून बल्ब जाते.

चारचाकी_वैनी

तुम्ही सगळे बल्ब बल्ब करून राहिले, त्यांनी विचारलेली दुसरी गोष्ट राहिलीच ना. समोरचे अप्पर काहून मारतात? गाडी मागून बसली आहे म्हणून. आमच्याकडे पण ट्रॅव्हलरच आहे, शाळेची होती, आता आम्ही दोघं फिरतो.

साधा हिशोब आहे. डिप्परचा बीम साधारण एक टक्का खाली पाहिजे, म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर. आता तुमच्या गाडीचा व्हीलबेस ३३५० मिमी. त्याचा एक टक्का म्हणजे साडेतेहतीस मिमी. गाडीचं मागचं एवढंसं खाली बसलं की सगळा एक टक्का संपला, बीम आडवा झाला! दोन बोटांचा फरक आहे फक्त. अन् तुम्ही मागे काय काय ठेवलंय? पाण्याची टाकी ८० लिटरची असली तरी ८० किलो, तीही मागच्या चाकाच्या मागे असेल, त्यावर पलंग, गॅस, फ्रिज, दुसरी बॅटरी. चाकाच्या मागे वजन ठेवलं की मागचं खाली जाते अन् पुढचं वर उचललं जाते, दोन्हीकडून मार. म्हणून तुमचा आहे तोही उजेड झाडाच्या शेंड्यात जाते, रस्त्यावर पडत नाही.

आता एक करा. गाडी रिकामी असताना चारही चाकांच्या वर, कमानीच्या कडेपासून जमिनीपर्यंत उंची मोजा. मग टाकी भरून, सामान लावून, प्रवासाला निघताना असते तशी करून परत मोजा. बंपरपाशी नका मोजू, तिथे फरक मोठा दिसते अन् हिशोब चुकते.

बंडीवाला३१

वैनी मोजलं. भरलेली गाडी मागे दोन्ही चाकांपाशी ४ सेमी खाली आली, पुढे अर्धा सेमी वर गेली.

चारचाकी_वैनी

म्हणजे साडेचार सेमी, ३३५ सेमीवर. १.३ टक्का. तुमचा फोकस रिकाम्या गाडीवर एकदम बरोबर सेट असता तरी सामान भरल्यावर तो आडव्याच्याही वर गेला असता. मिळालं का उत्तर? तुम्हाला दिसत नाही अन् त्यांच्या डोळ्यात जाते, दोन्ही एकाच वेळी खरं असते ते असं.

आधी टायरची हवा, मागच्या चाकांत कमी असेल तर तीही मोजमापात येते. मग टाकी पुढे सरकवता येते का पाहा, दोन चाकांच्या मधे कुठेही चालेल. आम्ही टाकी ड्रायव्हरच्या सीटच्या मागे घेतली, पाइप लांब झाला एवढंच. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, दमले असतील तर ट्रकचे पाटे करणाऱ्याकडून कमान देऊन घ्या किंवा एक पाटा वाढवून घ्या, पण फार कडक करू नका, आतली भांडी गोळा करत बसाल. हे सगळं झालं की मगच फोकस. पाटे नंतर केले तर फोकस परत करावा लागते.

बुटीबोरी_ट्रान्सपोर्ट

फोकस मशीनशिवाय होते, आम्ही गोदामाच्या भिंतीवर करतो. जमीन सपाट पाहिजे, भिंत आणि गाडी दोन्ही एकाच पातळीवर, याच्यातच लोक फसतात, घरासमोरचा रस्ता डोळ्याला सपाट दिसते पण पाणी वाहून जायला उतार दिलेलाच असते. वाडीकडे गोदामं आहेत, संध्याकाळी सहानंतर चौकीदाराला विचारून कोणीही करू देते. नाहीतर एखाद्या मॉलचं बेसमेंट.

गाडी प्रवासाला असते तशी भरलेली, डिझेल अर्ध्याच्या वर, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसलेला. आधी भिंतीला अगदी चिकटवून उभी करा आणि दोन्ही बल्बच्या मध्याच्या समोर खडूने फुल्या मारा. मग सरळ, स्टिअरिंग न हलवता, १० मीटर मागे या, टेपने मोजून. दोन्ही फुल्यांच्या १० ते १२ सेमी खाली एक आडवी रेघ ओढा. डिप्पर लावा, एका हेडलाइटवर पुठ्ठा धरा, टेकवू नका, तापते. उघड्या हेडलाइटची सपाट बाजू त्या रेघेवर आली पाहिजे आणि जिथून डावीकडे चढ सुरू होते तो कोपरा त्याच फुलीच्या खाली, किंवा किंचित डावीकडे. उजवीकडे अजिबात नको. मागे किंवा बाजूला दोन स्क्रू असतात, एक वर-खाली, एक डावी-उजवी. गंजले असतील तर आदल्या दिवशी तेल मारून ठेवा, जोर लावला की प्लास्टिकची खोबण तुटते अन् मग युनिट डुगडुगते. काही गाड्यांत डॅशबोर्डवर ० ते ३ ची चकती असते लाइट वर-खाली करायची, तुमच्यात असेल तर सामान किती भरलं ते पाहून तिचा आकडा ठरवा, रिकाम्या गाडीला ०.

अप्परचं वेगळं काही करायचं नाही. एच४ मध्ये दोन्ही फिलामेंट एकाच बल्बमध्ये, डिप्पर बसला की अप्पर आपोआप बसते.

खटपट्या_नरेंद्रनगर

याच्यात एक भर. तुमच्या बल्बचा मध्य जमिनीपासून ७८ सेमी असेल तर एक टक्क्याने बीम ७८ मीटरवर रस्त्याला टेकते, १.३ टक्क्याने ६० मीटरवर. आता ८० च्या स्पीडला दीड सेकंद कळायला अन् मग ब्रेक, चांगल्या टायरवर सत्तर-पंचाहत्तर मीटर लागतात थांबायला, जुन्या भरलेल्या गाडीला त्याहून जास्त. म्हणजे हेडलाइट अगदी पर्फेक्ट केला तरी डिप्परवर ८० ने पळायचा लाइट नाही तो. जंगलात ५०-६० च ठेवा, पेंचच्या पट्ट्यात हायवेखालून प्राण्यांसाठी अंडरपास केलेत पण बाकी रस्त्यांवर नीलगाय आणि रानडुक्कर कोणाला विचारून येत नाहीत.

घाटरोड_पेन्शनर

सगळ्यांचं वाचलं, चांगलं सांगून राहिले. माझं एकच, गाडीच्या पुढच्या काचेकडे पण पाहा. जुनी काच वाळूने अन् वायपरने बारीक खरचटलेली असते, दिवसा दिसत नाही, रात्री समोरचा लाइट पडला की सगळी काच पांढरी होते. आतूनही पुसा, आत एक तेलकट पापुद्रा बसते, विशेषतः तुमच्यासारखं गाडीत स्वयंपाक करणाऱ्यांच्या. वायपरची रबरं बदला.

अन् वय काय हो तुमचं? पन्नाशीच्या पुढे असाल तर डोळे तपासून घ्या. मला दोन वर्षं वाटत होतं की लोकांनी लाइट वाढवलेत, प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसायचं. मोतीबिंदू होता. ऑपरेशननंतर तोच रस्ता, त्याच गाड्या, वलय गायब.

पोट्टा_धरमपेठ

काल रात्री ओम्नी भिंतीसमोर लावून पाहिली. रेघ बिघ काही दिसतच नाही, सगळीकडे ठिपके ठिपके अन् अर्धा उजेड छताला. काका, एच४ चांगला कोणता घेऊ? ते १३० टक्के जास्त उजेडवाले येतात ते?

लाइटवाले_काका

साधा चांगल्या कंपनीचा ६०/५५ घे, पुरते. ते जास्त उजेडवाले खोटे नसतात, तार बारीक अन् आखूड करून एका ठिकाणी उजेड वाढवतात, पण लवकर जातात, अन् तुझं व्होल्टेज कमी येत असेल तर पैसे पाण्यात. आधी तू पण मीटर लाव.

बंडीवाला३१

अपडेट. रिले झाले, दोन्ही युनिट नवे, सिरॅमिक होल्डर, अर्थिंगची पट्टी काढली तर खाली पांढरी-हिरवी बुरशी. आता बॅटरीवर १३.९ अन् दोन्ही बल्बवर १३.४. टाकी पुढे घेतली, पाट्यांना कमान दिली, भरलेली गाडी आता मागे दीड सेमीच बसते. वाडीला गोदामाच्या भिंतीवर फोकस केला, चौकीदाराने चहा पाजला वरून. परवा रात्री रामटेकला जाऊन आलो, येता-जाता एकानेही अप्पर मारला नाही, अन् डाव्या कडेची झुडपं पार लांबपर्यंत दिसतात. सगळ्यांचे मनापासून आभार. वय पंचावन्न आहे, डोळ्यांची अपॉइंटमेंट बायकोने घेतली तुमचा मेसेज वाचून.

एक शेवटचं. वायरिंगवाला म्हणतो आता रिले आहेतच तर अप्पर लावला की डिप्परही सोबत चालू राहील अशी जोडणी करून देतो, दुप्पट उजेड. करू का?

खटपट्या_नरेंद्रनगर

नाही. एच४ चा बल्ब दोन्ही फिलामेंट एकत्र पेटवायला बनवलेला नाही, एवढुशा काचेत ११५ वॅट, बल्ब लवकर जाईल अन् नवं युनिट तापेल. अप्पर मारताना सेकंदभर दोन्ही लागतात ते चालते, कायमचं नाही. शिवाय फायदाही नाही, डिप्परचा उजेड गाडीच्या जवळ पडते, जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्याची बाहुली आकसते अन् लांबचं उलट कमी दिसते. अप्परला आणखी काही पाहिजेच असेल तर बंपरवर दोन मंजुरीवाले ड्रायव्हिंग लाइट, वेगळ्या रिलेवर, इशारा अप्परच्या तारेतून, म्हणजे डिप्पर केला की तेही बंद. टपावर लाइटची पट्टी नको. अन् १५ अँपिअरचे चार फ्यूज डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवा, परतवाडा सोडलं की वर दुकान नाही.